धरणारे हात

मागे न बघता पाठीवर पडायचे आणि मागच्यांनी झेलायचे, हा खेळ शिबिरांतून 'ट्रस्ट फॉल' या इंग्रजी नावानेच ओळखला जातो. बघणाऱ्यांचे लक्ष पडणाऱ्याकडे असते, पण खरे काम झेलणाऱ्यांचे असते. सहा-आठ जण दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात. हात पुढे, तळवे वर, कोपरे किंचित वाकलेले, आणि दोन्ही बाजूंचे हात करवतीच्या दात्यांसारखे एकाआड एक. समोरच्याची मनगटे धरायची नाहीत, कारण वजन पडताच दोघेही पुढे खेचले जातात आणि डोक्यावर डोके आपटते. एक पाय पुढे, गुडघे सैल, मान मागे. घड्याळे, अंगठ्या, बांगड्या, खिशातल्या किल्ल्या आधीच काढून ठेवलेल्या. पडणाऱ्याने हात छातीशी घट्ट बांधायचे आणि अंग ओंडक्यासारखे ताठ ठेवायचे. भीतीने तो कमरेत वाकला की सगळा भार एकाच जोडीच्या हातांवर येतो आणि तिथेच इजा होते. पडण्याआधी तो विचारतो, "तयार?" रांगेतून उत्तर येते, "तयार." मग तो म्हणतो, "पडतो." उत्तर येते, "पड." हे चार शब्द झाल्याशिवाय कोणी पडायचे नाही आणि कोणी ढकलायचे नाही, हा या खेळाचा सगळ्यात मोठा नियम.

एवढी शिस्त लागते, कारण भीती समजावून जात नाही. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. विचार सुरू होण्याआधीच तो धोक्याची सूचना देतो. छाती धडधडते, घशाला कोरड पडते, पाय जड होतात. "घाबरू नकोस, काही होत नाही" हे वाक्य त्या भागापर्यंत सहजी पोहोचत नाही. तिथे जास्त पोहोचतो तो अनुभव: भीती वाटली, तरी पाऊल टाकले, आणि वाईट काही घडले नाही. हा अनुभव छोट्या मापाने, पुन्हा पुन्हा आला की भीतीची धार कमी होते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलावरील प्रयोग प्रसिद्ध केला. पीटरला सशाची भयंकर भीती वाटे. ससा आधी खोलीच्या दूरच्या टोकाला पिंजऱ्यात ठेवला, मग हळूहळू जवळ आणला. पीटर त्या वेळी आवडीचा खाऊ खात असे. या प्रयोगातली एक गोष्ट मात्र अनेकदा सांगायची राहून जाते. काही सत्रांत पीटरबरोबर सशाला मुळीच न भिणारी दुसरी मुले खेळायला असत, आणि त्यांना बघून पीटर पुढे सरके. पुढे 1967 मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याला घाबरणाऱ्या लहान मुलांवर हेच तपासले. आपल्याच वयाचे मूल कुत्र्याशी निर्धास्त खेळताना बघणाऱ्या मुलांची भीती लक्षणीय कमी झाली. भीती एकट्याने घालवायची तर फार कष्ट पडतात. शेजारी न घाबरणारा, पण आपल्याला न हसणारा कोणी असला की तेच काम निम्म्याने हलके होते.

अशा सामूहिक उपक्रमांना आधुनिक रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. जर्मनीतून परागंदा झालेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांनी 1941 मध्ये वेल्समधील अबरडोवी येथे 'आउटवर्ड बाउंड' ही पहिली शाळा काढली. पाणसुरुंग आणि पाणबुड्यांनी जहाजे बुडत होती आणि तारू उलटल्यावर जीवरक्षक होडीत तरुण खलाशी वयस्क खलाशांच्या आधी प्राण सोडत, असे होल्ट यांच्या लक्षात आले होते. अंगात बळ असून मन खचत होते. तिथल्या मुलांना समुद्रावर, डोंगरावर छोट्या तुकड्यांत पाठवून एकमेकांच्या भरवशावर दिवस काढायला शिकवले जाई. दोर, होड्या, रात्रीची पायपीट हे सगळे खेळ तिथून कंपन्यांच्या आणि महाविद्यालयांच्या शिबिरांत आले. भारतात 1984 मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल यांनी जमशेदपूरच्या टाटा स्टील अ‍ॅडव्हेंचर फाउंडेशनमधून असे प्रशिक्षण रुजवले.

नुसते एकत्र बसवल्याने मात्र विश्वास निर्माण होत नाही. 1954 मध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात 22 मुलांच्या शिबिरात दोन गट केले आणि स्पर्धा लावल्या. काही दिवसांत दोन्ही गट हातघाईवर आले. त्यांना एकत्र जेवायला बसवले तर अन्नाची फेकाफेक झाली. मग शिबिराचे पाणी बंद पडले, जेवण आणणारा ट्रक सुरू होईना, आणि दोन्ही गटांना मिळून काम करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ज्या दोराने रस्सीखेच खेळून वैर वाढले होते, तोच दोर ट्रकला बांधून सगळ्यांनी ओढला. ही अडचण मुद्दाम घडवलेली होती, पण मुलांना ती खरी वाटत होती, म्हणून ती उपयोगी पडली.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या निमगाव सावासारख्या गावात अशी अडचण घडवावी लागत नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी या टापूत पाणी आणले. पाण्यामागून ऊस आला, कांदा आला, आणि उसाच्या गर्द सावलीत बिबट्या राहू लागला. मादी उसातच पिले घालते. तोडणीच्या वेळी ती सापडतात. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला अंधारात दारं धरायला जावेच लागते.

दारं धरणे म्हणजे खोऱ्याने एका वाफ्याचे तोंड मातीने बुजवून पुढच्या वाफ्याचे उघडणे. हे काम वाकून करायचे असते. नजर पाण्यावर, पाय चिखलात, कान मोटारीकडे. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा भासतो, म्हणून वनखाते एकट्याने न जाण्याचे, बॅटरी ठेवण्याचे, मोठ्याने बोलत राहण्याचे आणि उघड्यावर न बसण्याचे आवाहन करते. म्हणून घरातली दोन माणसे किंवा बांधाला बांध असलेले दोघे शेजारी मिळून जातात. एकाच्या हातात खोरे, दुसऱ्याच्या हातात बॅटरी. बॅटरीवाला उसाच्या कडेने प्रकाश फिरवत राहतो, मोबाइलवर गाणे मोठ्याने लावतो, मध्येच हाक देतो. खोरेवाल्याने आपली पाठ त्याच्या स्वाधीन केलेली असते. बॅटरीवाला पेंगला किंवा मोबाइलमध्ये रमला तर काय होईल, हे दोघांनाही माहीत असते. ट्रस्ट फॉलमध्ये चार सेकंद जे घडते, ते इथे चार तास घडते. या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत. ही भीती खोटी नाही, आणि तिला खोटी म्हणणारे कोणतेही शिबिर इथे टिकणार नाही. अशा ठिकाणी भीती घालवणे हा हेतूच नव्हे. भीती असताना हातपाय चालते ठेवणे आणि शेजारच्याकडे लक्ष ठेवणे, एवढे साधले तरी पुष्कळ.

विहिरीच्या कामातही हेच दिसते. खोल विहिरीतला गाळ, मुरूम, दगड वर काढण्यासाठी काठावर यारी, म्हणजे दोराने ओझे उचलणारे यंत्र, उभी करतात. तळाशी काम करणारा त्या यारीच्या दोरावर खाली जातो आणि वर येतो. यारी चालवणाऱ्याला तळ नेहमी दिसत नाही. काठावरचा तिसरा माणूस हाताच्या खुणेने त्याला सांगतो. भरलेले घमेले वर जात असताना खाली कोणी उभे राहायचे नाही, खुणेशिवाय दोर हलवायचा नाही. इथला विश्वास भावनेचा नाही, ठरलेल्या खुणांचा आहे. माणसे नवीन असली तरी खुणा त्याच राहतात, म्हणून नव्या माणसालाही खाली उतरता येते. शिबिरातले "तयार?" आणि "पड" याच जातीचे.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरी भागात महादेव कोळी समाजाची पडकई ही परंपरा आहे. उताराच्या जमिनीवर दगडमातीचे बांध घालून भातखाचरे करायची, आणि ते काम अनेक कुटुंबांनी आळीपाळीने एकमेकांच्या जमिनीत करायचे. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. माझी पाळी शेवटी असेल तर तोवर मी तुमच्यासाठी घाम गाळायचा आणि पावसाआधी तुम्ही याल असे धरून चालायचे. ज्याची पाळी शेवटची त्याचा भरवसा सगळ्यात मोठा. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेने डिंभे धरणाच्या परिसरात या परंपरेला बळ दिले. संस्थेला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. टीम बिल्डिंगचे धडे शोधायला या दोन तालुक्यांना फार लांब जायला नको.

खेळ आणि खरे काम यांची सांगड राज्यात सर्वांत ठळकपणे दिसली ती पाणी फाउंडेशनच्या 'वॉटर कप' स्पर्धेत. 2016 मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत ती सुरू झाली. गावातल्या निवडक स्त्री-पुरुषांना आधी निवासी प्रशिक्षण दिले जाई. माती आणि पाणी अडवण्याच्या तंत्राबरोबर तिथे खेळ आणि गाणीही होती. एका गावातली दोन पार्ट्यांची माणसे एकाच खेळात गुंतत. मग 45 दिवस श्रमदान. त्या पहिल्या वर्षी सातारा जिल्ह्यातले वेळू गाव पहिले आले. प्रशिक्षणात हसणे-खेळणे झाले तरी त्याची कसोटी पुढे चरावर, उन्हात, कुदळ हातात असताना लागे. खेळानंतर असे खरे काम नसेल तर शिबिराचा उत्साह फार दिवस पुरत नाही.

या उपक्रमांत धोकाही असतो. जुलै 2018 मध्ये कोइमतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्ती व्यवस्थापनाच्या सरावात एक विद्यार्थिनी दुसऱ्या मजल्यावरून उडी मारायला कचरत होती. प्रशिक्षकाने तिला ढकलले. तिचे डोके खालच्या सज्ज्यावर आपटले आणि ती दगावली. खाली जाळी धरून मुले उभी होती. तिला "नाही" म्हणता येत होते, पण ते "नाही" कोणी ऐकले नाही. ही घटना प्रत्येक शिबिर घेणाऱ्याने लक्षात ठेवायला हवी. ज्याला पडायचे नाही त्याला न चिडवता बाजूला उभे राहू द्यावे, आणि शक्य तर झेलणाऱ्यांच्या रांगेत घ्यावे. झेलता झेलता दोन-चार जणांचे वजन त्याच्या हातांवर येते, हात पुरतात हे त्याला कळते, आणि बरेचदा तो स्वतःहून पुढे येतो. आला नाही तरी काही बिघडत नाही.

गावातल्या शिबिरात आणखी एक गोष्ट उघडपणे हाताळावी लागते. कोणाचा हात कोणी धरायचा, हा गावात साधा प्रश्न नाही. जात, भावकी, बांधावरचे भांडण, मुलगा-मुलगी, सून-सासरा हे सगळे त्या दोन रांगांत येऊन उभे राहते. मुलींना मुलींच्या रांगेत पडायची मुभा आधीच द्यावी. जाती मात्र वेगळ्या ठेवू नयेत. गट चिठ्ठ्या टाकून करावेत. ज्याला कधी कोणी हात दिला नाही, त्याच्यावर झेलायची पाळी आली आणि सगळ्यांनी त्याच्यावर अंग टाकले, तर त्या दिवसापुरते तरी गाव बदलते. सगळ्यात आधी शिबिर घेणाऱ्याने स्वतः त्या हातांवर पडून दाखवावे.

शाळेच्या मैदानावर एका दिवसाचे शिबिर घ्यायचे तर क्रम चढता ठेवावा. सकाळी सोपे: जोडीने एकमेकांचे तळवे टेकवून मागे झुकणे, मग डोळ्यांवर रुमाल बांधून जोडीदाराच्या आवाजावर मैदान ओलांडणे. डोळे बांधलेल्याला खड्डा, पायरी, दगड नेमका सांगायला बॅटरीवाल्याइतकीच दक्षता लागते. मग जमिनीवरूनच हातभर अंतर पडणे; उंच ओट्यावरून पडायला एका दिवसाची तयारी पुरत नाही. प्रत्येक खेळानंतर गोलात बसून बोलणे झालेच पाहिजे, आणि तिथे "मजा आली का" हा प्रश्न विचारू नये. कधी भीती वाटली, कोणाच्या कोणत्या बोलण्याने किंवा वागण्याने ती कमी झाली, कोणाचे लक्ष उडाले, हे विचारावे. ज्याचे लक्ष उडाले तोच ते कबूल करतो, तेव्हा शिबिराला अर्थ येतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये मांडलेली मानसिक सुरक्षिततेची कल्पना याच जागेची आहे: चूक कबूल केली म्हणून कोणी आपली मान खाली घालायला लावणार नाही, असा गटातला भरवसा.

संध्याकाळी मैदान सोडण्याआधी एक कागद घ्यावा. पुढच्या आठवड्यात विजेची रात्रपाळी कोणत्या डीपीवर आहे, तिथे दारं धरायला कोण जाणार, त्याच्याबरोबर बॅटरी घेऊन कोण जाणार, फोन कोणाला करायचा, हे त्यावर गटाने मिळून लिहावे. नावे जोडीने लिहावीत. तो कागद देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि पाळी बदलली की नावे बदलावीत.