पुरातत्त्व, पाली आणि आपले विद्यार्थी

बुद्धपौर्णिमा असो की वर्षावासाचा काळ, आपल्यापैकी अनेक कुटुंबे कार्ले, भाजे, कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांना श्रद्धेने जातात. चैत्यगृहात वंदना होते, स्तूपाला प्रदक्षिणा होते, बरोबर नेलेली शिदोरी खाऊन मंडळी संध्याकाळी परत फिरतात. परंतु त्याच लेण्यांच्या खांबांवर, दारांवर आणि पाण्याच्या टाक्यांजवळ कोरलेली अक्षरे वाचू शकतील असे आपल्यात किती जण आहेत? डॉक्टर, इंजिनिअर, वकील, अधिकारी आपल्या समाजात झाले, याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र आपल्याच वारशाचे लेख वाचण्यासाठी आजही आपणांस बहुधा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. म्हणून पुरातत्त्व आणि पाली या विषयांचे शिक्षण कसे असते, हे सभासदांपुढे आणि विशेषतः बारावीनंतर काय शिकावे या विचारात असलेल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींपुढे आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम ही अक्षरे काय सांगतात ते पाहू. त्यांपैकी बहुतेक लेखांची लिपी ब्राह्मी असून भाषा पालीला जवळची असलेली प्राकृत आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली ब्राह्मीचा उलगडा केला आणि १८८१ साली बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकट येथील सिंहदत्त या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराचे नावही तेथील दाराच्या कामासंबंधी कोरलेले आहे. काही खांब यवनांनी दिलेले आहेत. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. उपासिका आणि भिक्खुणी यांची नावेही अनेक ठिकाणी दात्यांमध्ये आढळतात. लेणी केवळ राजांनी खोदली, असा जो समज आहे तो हे लेख वाचताच गळून पडतो.

नाशिकचा एक लेख तर हिशेबाच्या वहीसारखा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांतील २००० वर दरमहा शेकडा १ आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यावयाची होती. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे : २००० चे वर्षाचे व्याज २४० होते आणि २० भिक्खूंचे १२ प्रमाणे २४० च होतात! ज्या टेकडीला लोक पांडवलेणी म्हणतात, तिचे लेखांतील नाव तिरण्हु, म्हणजेच त्रिरश्मी असे आहे. पांडवांचा तेथे काही संबंध नाही, हे सांगण्यासाठी वाद घालण्याची गरज नाही. भिंतीवरचा लेख वाचता आला म्हणजे पुरे.

पण येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हाच उषवदात आपण देवांना व ब्राह्मणांना गावे दिली, गाई दिल्या, असेही कोरून ठेवतो. नाशिकच्याच दुसऱ्या लेखात गौतमी बलश्री ही भिक्खूसंघाला लेणे देते आणि त्याच लेखात आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, ब्राह्मण म्हणून गौरव करते. आपल्या सोयीची ओळ घ्यावी आणि बाकीची सोडावी, हे विद्यार्थ्याला चालत नाही. आपल्या इतिहासावर इतरांनी अन्याय केला असे म्हणावयाचे असेल, तर आपण स्वतः पूर्ण लेख वाचणारे असलो पाहिजे. तथागतांनी तपासून पाहण्याची जी दृष्टी दिली, तिचा हाच अर्थ आहे.

आता अभ्यासाकडे वळू. पाली ही मराठी मुलांना वाटते तितकी परकी नाही. हत्थ म्हणजे हात, कम्म म्हणजे काम, सत्त म्हणजे सात, अट्ठ म्हणजे आठ. आणि लेणे हा आपला शब्द लेण या शब्दापासूनच आला. पहिल्या वर्षी विभक्ती व धातूंची रूपे पाठ करावी लागतात, त्याचा कंटाळा येतो. परंतु आपण लहानपणापासून म्हणत आलेल्या त्रिसरण-पंचशीलातील प्रत्येक शब्द कोणत्या विभक्तीत आहे हे ज्या दिवशी समजते, त्या दिवशी वंदनेला वेगळाच अर्थ येतो. ब्राह्मीची मुळाक्षरे तर मन लावून बसल्यास थोड्या आठवड्यांत येतात. अवघड असते ते झिजलेल्या दगडावरचे अक्षर ओळखणे.

पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याचे जीवन पुस्तकाइतकेच मातीत जाते. उत्खननाच्या जागी चौरस खड्डे आखतात व दोन खड्ड्यांमध्ये मातीचा बांध राखतात. वरून खाली एकेक थर काढतात, त्याला क्रमांक देतात. कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली याची नोंद चुकली, तर ती वस्तू मुकी होते. दिवसा खुरपे, ब्रश आणि घमेले. दुपारनंतर खापरे धुणे, वाळवणे, त्यांवर बारीक अक्षरात क्रमांक घालणे. रात्री वही आणि नकाशे. तंबूतील मुक्काम, ऊन, धूळ हे सारे आलेच. सोन्याचे हंडे शोधण्याचे हे काम नव्हे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९३९ सालापासून डॉ. ह. धी. सांकलिया यांनी हे शास्त्र रुजविले. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन होऊन ३००० वर्षांहून जुन्या शेतकरी वस्तीची घरे, चुली, धान्य उजेडात आले. भंडारा जिल्ह्यातील पवनीचे स्तूप १९६९-७० च्या उत्खननात प्रकाशात आले. हाडे, बिया, माती यांची तपासणी होत असल्याने विज्ञान शाखेच्या मुलांनाही येथे वाव आहे.

पालक विचारतात, "हे शिकून नोकरी मिळेल का?" प्रश्न रास्त आहे. केंद्राचा व राज्याचा पुरातत्त्व विभाग, वस्तुसंग्रहालये, महाविद्यालये येथे जागा आहेत, पण त्या थोड्या आहेत. पाली आणि पुरातत्त्व या दोन्ही विषयांत नेट परीक्षा देता येते. २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाने नागरी सेवा परीक्षेच्या ऐच्छिक विषयांतून पाली वगळली, त्याचा फटका बसला. दुसरीकडे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पाली व प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. पण दर्जा कागदावर मिळतो. वर्गात बाके भरली तरच तो टिकतो. संशोधनासाठी पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे, तिची माहिती विद्यार्थ्यांनी वेळेवर घ्यावी.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले व फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत आत्मसात केली, पालीचा व्यासंग केला. त्यांचे पाली व्याकरण व शब्दकोशाचे काम महाराष्ट्र शासनाने १९९८ साली १६ व्या खंडात प्रसिद्ध केले. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी पालीसाठी घरदार सोडून श्रीलंका व ब्रह्मदेश गाठला. त्यांचे चिरंजीव दा. ध. कोसंबी गणिताचे प्राध्यापक असूनही कार्ले-जुन्नरच्या डोंगरवाटा पायी तुडवीत राहिले. आज आपल्यासाठी दार बंद नाही. आत जाण्याची इच्छा हवी.

संस्थेच्या सभासदांना आमच्या तीन सूचना आहेत. विहारात रविवारी तासभर ब्राह्मी व पालीचा वर्ग सुरू करावा. लेण्यांच्या सहलीत एक तरी लेख मुलांकडून वाचून घ्यावा. मात्र दगडावर खडू, रंग, तेल लावू देऊ नये. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास २ वर्षांपर्यंत कैद वा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शेतात मूर्ती किंवा लेख सापडल्यास ती वस्तू न हलवता तहसील कार्यालयाला कळवावे. आणि दरवर्षी या विषयाकडे वळणाऱ्या एका तरी मुलाचा किंवा मुलीचा वसतिगृहाचा व पुस्तकांचा भार संस्थेने उचलावा.

एका सुताराचे नाव सुमारे २००० वर्षे दगडावर टिकून आहे. ते वाचणारा मुलगा, वाचणारी मुलगी आपल्या घरातून निघावी, हीच मंगल कामना.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!