गोकर्णीचें सरबत

आम्लांत निळा लिटमस तांबडा होतो व अल्कांत तांबडा निळा होतो, हें वाक्य आम्हीं शाळेंत तीस वर्षें घोकवून घेतलें. लिटमसचे कागद शाळेंत नव्हते असें नाहीं. ते संपतील ह्या भीतीनें कपाटास कुलूप होतें. मुलांस गुण मिळाले, परंतु तांबडा होणारा कागद पुष्कळांनीं पाहिलाच नाहीं. ही रुखरुख निवृत्तीनंतरहि राहिली होती. गेल्या कार्तिकांत कुंपणावरच्या गोकर्णीनें ती कांहींशी हलकी केली.

निळ्या गोकर्णीचीं दहाबारा ताजीं फुलें धुवून, देंठाकडील हिरवा भाग काढून, पेलाभर कढत पाण्यांत पांच मिनिटें झांकून ठेवावीं. शाईसारखें निळें पाणी उतरतें. तें गाळून, निववून त्यांत साखर घालावी. कढत पाणी वडील माणसानेंच हाताळावें. फुलें घरच्या वेलावरचीं, औषध न फवारलेलीं असावींत; गोकर्णीचें बीं व मूळ रेचक असल्यामुळें तीं मुलांनीं तोंडांत घालूं नयेत.

सुटींत आलेल्या नातीच्या पेल्यांत आम्हीं लिंबाचे थेंब टाकले, तों निळें पाणी जांभळें झालें. चमचाभर रस पडतांच गुलाबीकडे झुकलें. "आजोबा, पिवळा रंग मिसळला!" ती म्हणाली. निळ्यांत पिवळा मिसळल्यास हिरवा यावयास हवा, हें तिच्याच रंगपेटीनें सिद्ध केलें. धाकट्या नातवानें साखरेवर दोष ठेविला. पण साखर आधींपासूनच होती. मीठ घातलें, कांहीं झालें नाहीं. आवळ्याचा रस घातला, पुनः जांभळें. "म्हणजे आंबटपणाच!" हें उत्तर तिचें तिनें काढलें. आम्हीं तीस वर्षें तें फळ्यावर आधींच लिहून ठेवीत होतों.

मग जांभळ्या पेल्यांत खाण्याचा सोडा चिमटी चिमटीनें घातला. तें फसफसलें व पुनः निळें झालें. आणखी घालतां हिरवट. हा पेला पिण्याचा नव्हे, असें सांगूनहि नातवानें घोट घेतलाच, आणि तोंड वेडेंवांकडें केलें.

ह्या रंगद्रव्यांस अँथोसायनिन म्हणतात. मारक्वार्ट नामक जर्मन पंडितानें १८३५ सालीं फूल व निळा ह्या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हें नांव पाडलें; आम्हांस 'पुष्पनील' म्हणावेंसें वाटतें. आम्लांतील हायड्रोजनचे कण त्याच्या रेणूस चिकटले कीं त्याची रचना बदलते, तो प्रकाशाचा निराळाच भाग शोषूं लागतो, आणि डोळ्यांस निराळा रंग दिसतो. रॉबर्ट बॉइल ह्यानें १६६४ सालच्या रंगविषयक ग्रंथांत व्हायोलेट फुलांच्या पाकाचा असाच उपयोग वर्णिला आहे: आम्लांत तांबडा, अल्कांत हिरवा. आम्लता आंकड्यांनीं मोजण्याची पी-एच् श्रेणी सोरेनसेननें १९०९ सालीं दिली. तींत लिंबाचा रस सुमारें २, शुद्ध पाणी ७, सोड्याचें पाणी ८ च्या थोडें वर.

हें सर्व ऐकून घरांतून शब्द आले, "हळदीला चुना लावून कुंकू करीत, तें काय वेगळें?" वेगळें नव्हेच. हळदीचें रंगद्रव्य निराळें, पण अल्कांत तेंहि तांबडें होतें. इतकें साधें उदाहरण वर्गांत आम्हांस कधीं सुचलें नाहीं!

दुसऱ्या दिवशीं नातीनें विचारलें, "पांढऱ्या गोकर्णीचें पाणी लिंबानें बदलेल का?" आम्हीं उत्तर न देतां तिच्या हातीं परडी दिली.