मुकुट प्रेक्षकाच्या मस्तकी : आभासी वास्तवाची नवी यंत्रे आणि रसविघ्नांचा विचार

साहित्य आणि माध्यमे यांच्या परस्परसंबंधांवर अलीकडे जे लेखन होत आहे त्यात 'आभासी वास्तव' ही संज्ञा वारंवार आढळते. तिच्यासोबत बहुधा एक गृहीतकही येते. डोक्याला लावावयाच्या ज्या यंत्राने, म्हणजे हेडसेटने, प्रेक्षक कलाकृतीच्या 'आत' जातो ते यंत्र जसजसे सुधारत जाईल तसतशी त्याची तन्मयता वाढेल. संस्कृत साहित्यशास्त्राने ज्याला तन्मयीभवन म्हटले ते अखेर यंत्राच्या साहाय्याने सर्वांनाच सुलभ होईल, असे हे गृहीतक आहे. ते तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. त्यासाठी या यंत्रांत नेमके काय सुधारले आहे हे प्रथम समजून घ्यावे लागते. यंत्राविषयीचे आपले अज्ञान झाकण्यासाठीच पुष्कळदा साहित्यशास्त्रातील मोठे शब्द वापरले जातात, असा अनुभव आहे.

प्रथम संज्ञेविषयी थोडेसे. 'आभासी वास्तव' या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग आंतोनँ आर्तो या नाट्यविचारकाने रंगभूमीच्या संदर्भात केला होता. तो ज्या निबंधात येतो त्याचा समावेश असलेले आर्तोचे पुस्तक १९३८ साली प्रसिद्ध झाले. संगणकाच्या क्षेत्रात हा शब्दप्रयोग रूढ झाला तो १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, जॅरन लॅनियर यांच्यामुळे. इंग्रजीतील 'व्हर्च्युअल' म्हणजे नावाने नसले तरी परिणामाने असलेले. मराठीतील 'आभासी' या शब्दाला मात्र खोटेपणाची छटा आहे. संस्कृतातील 'कल्प' हा प्रत्यय, जो 'पितृकल्प', 'मृतकल्प' अशा शब्दांत 'जवळजवळ तसाच' या अर्थाने येतो, तो घेऊन 'वास्तवकल्प' असा शब्द घडविला असता तर तो अधिक नेमका ठरला असता. परंतु रूढी बलवत्तर असते. येथेही रूढ शब्दच वापरला आहे.

या यंत्रामागील मूळ कल्पना जुनी आहे. दोन डोळ्यांना किंचित भिन्न अशी दोन चित्रे दाखविली की मन त्यांतून एकच खोल दृश्य उभे करते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले. इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये तयार केलेल्या यंत्रात त्यात दुसरी गोष्ट मिळाली. डोके वळविले की चित्रही त्यानुसार बदलू लागले. ते यंत्र इतके जड होते की ते छताला टांगावे लागे. तथापि त्याने साधलेली गोष्ट मूलगामी होती : चौकट नाहीशी झाली. रंगमंचाला कमान असते, चित्रपटाला पडद्याच्या कडा असतात, ग्रंथाला पान असते. चौकटीमुळे 'हे' आणि 'ते' यांत भेद राहतो. सदरलँड यांच्यानंतरचा या यंत्राचा सगळा इतिहास ही पुसलेली चौकट पुन्हा जाणवू नये यासाठी केलेल्या खटाटोपाचा आहे.

सर्वसामान्य ग्राहकांसाठी हा खटाटोप खऱ्या अर्थाने सुरू झाला तो २०१६ मध्ये, ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह ही यंत्रे बाजारात आली तेव्हा. रिफ्टमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी १०८० गुणिले १२०० चित्रबिंदू होते आणि चित्र सेकंदाला ९० वेळा बदलत असे. हे आकडे मोठे वाटतात. पण भिंगातून विस्तारलेले ते चित्र जाळीच्या पडद्याआडून पाहिल्यासारखे दिसे. निकोप दृष्टीला दृश्यकोनाच्या एका अंशात सुमारे ६० चित्रबिंदू वेगळे ओळखता येतात. त्या काळच्या यंत्रांत हे प्रमाण त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके होते. २०२३ च्या मेटा क्वेस्ट ३ मध्ये ते २५ पर्यंत पोचले. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत विक्रीस आलेल्या अ‍ॅपलच्या व्हिजन प्रोमध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून २ कोटी ३० लाख चित्रबिंदू आहेत आणि जाळी जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. भिंगेही बदलली. नव्या भिंगात प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा उपयोग करून त्याची वाट जणू घडी घालून आखूड केलेली असते. त्यामुळे यंत्र पातळ होते. मात्र बराचसा प्रकाश वाया जातो.

साहित्याच्या अभ्यासकाने अधिक लक्ष द्यावे अशी सुधारणा वेगळीच आहे. मानवी डोळा संपूर्ण दृश्य सारख्याच स्पष्टतेने पाहत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागातील सुमारे दोन अंशांचा प्रदेश तेवढा सूक्ष्मदर्शी असतो. बाकीचे आपण धूसरच पाहतो आणि नजर सतत हलवून ती उणीव भरून काढतो. याचा फायदा घेऊन २०२३ च्या प्लेस्टेशन व्हीआर २ सारख्या यंत्रांत छोटे कॅमेरे प्रेक्षकाच्या बुबुळांकडे रोखलेले असतात. नजर जेथे वळेल तेथेच यंत्र बारकाईने चित्र रेखाटते. इतरत्र ढोबळ काम करून गणनेचा भार वाचविते. प्रेक्षकाला हे कळत नाही, कारण तो कोपऱ्याकडे पाहील तेव्हा कोपरा तयार झालेला असतो. कादंबरीकारही सगळेच वर्णन करीत नाही, तोही पुष्कळसे जग अपुरेच ठेवतो. फरक इतकाच की काय अपुरे ठेवावयाचे हे तेथे निवेदक ठरवितो. येथे ते प्रेक्षकाची नजर ठरविते, आणि तीही बहुतांशी त्याच्या नकळत.

तिसरी सुधारणा मळमळीसंबंधीची. आपण डोके वळविले आणि दृश्य क्षणभर मागे राहिले, तर आतल्या कानातील तोलाचे ज्ञान आणि डोळ्यांचे ज्ञान यांचा मेळ बसत नाही व पोटात ढवळू लागते. हालचाल आणि चित्र यांतील अंतर २० सहस्रांश सेकंदांच्या आत असावे, असे या क्षेत्रात सामान्यतः मानले जाते. व्हिजन प्रोमध्ये भोवतालची खोली कॅमेऱ्याने टिपून डोळ्यांपुढे आणण्यास १२ सहस्रांश सेकंद लागतात, असे तिचे निर्माते सांगतात. वजनाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. क्वेस्ट ३ चे वजन ५१५ ग्रॅम आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या सुधारित व्हिजन प्रोच्या पट्ट्यात तर तोल साधण्यासाठी मुद्दाम वजन घालण्यात आले. यंत्र हलके होण्याऐवजी जडच झाले. त्याहून अवघड अशी आणखी एक अडचण आहे. यंत्रातील पडदा भिंगामुळे एकाच ठराविक अंतरावर भासतो. दृश्यातील फूल हातभर अंतरावर आले की दोन्ही बुबुळे आत वळतात. पण डोळ्याचे नैसर्गिक भिंग त्या ठराविक अंतरावरच जुळलेले राहते. डोळ्याच्या दोन क्रियांमधील या विसंवादाने नजर शिणते. नजरेनुसार अंतर बदलणारी भिंगे मेटाच्या प्रयोगशाळेने २०१८ पासून नमुन्यादाखल दाखविली आहेत. वर उल्लेखिलेल्या एकाही यंत्रात ती नाहीत.

आता साहित्यशास्त्राकडे वळू. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. र. पं. कंगले यांच्या 'रस-भाव-विचार' या ग्रंथामुळे मराठी अभ्यासकाला ती चर्चा परिचित आहे. सातांपैकी चौथे विघ्न प्रतीतीच्या साधनांच्या उणिवेचे आणि पाचवे स्फुटत्वाच्या अभावाचे. चित्रबिंदू, भिंगे आणि नजरेचा मागोवा या सुधारणांनी ही दोन विघ्ने फार मोठ्या प्रमाणात दूर केली आहेत, हे नि:संकोचपणे मान्य करावयास हवे. तिसरे विघ्न म्हणजे स्वत:च्याच सुखदु:खाने विवश होणे. घरची चिंता घेऊन नाटकास बसलेला प्रेक्षक हे त्याचे सोपे उदाहरण. मळमळणारा, मान अवघडलेला प्रेक्षकही त्याच कोटीतला. अभिनवगुप्त त्यावर गीत, वाद्य, सजविलेला मंडप असे उपाय सांगतो. आजचा अभियंता सहस्रांश सेकंद आणि ग्रॅम मोजतो. हे विघ्न अर्धेमुर्धे निवारले गेले आहे.

दुसऱ्या विघ्नाची गोष्ट निराळी. समोर जे घडते आहे ते 'माझे' आहे किंवा 'अमक्याचे' आहे, याच स्थळी, याच काळी घडते आहे, अशा निश्चयात प्रेक्षक अडकला की साधारणीकरण होत नाही. भाव स्वत:चाच मानला तर सुख निसटेल काय, ते कसे राखावे, दु:ख कसे टाळावे अशा व्यग्रता उत्पन्न होतात आणि आस्वाद खंडित होतो, असे अभिनवगुप्ताचे विवेचन आहे. आभासी वास्तवाच्या क्षेत्रात ज्याला 'प्रेझेन्स' म्हणतात, म्हणजे 'मी येथे आहे, हे आत्ता माझ्याबाबत घडते आहे' अशी शरीराची खात्री, ती नेमकी हीच अवस्था होय. अभिनवगुप्ताने जे विघ्न मानले ते येथे साध्य मानलेले आहे. यंत्र जितके सुधारते तितके हे विघ्न बळावते. येथेच उपरोक्त गृहीतक कोसळते.

अर्थात, 'प्रेझेन्स' ही सर्वत्रच त्याज्य वस्तू आहे असे नव्हे. शस्त्रक्रियेचा किंवा विमानचालनाचा सराव करणाऱ्याला ती हवीच. खेळात स्वत:च्या भीतीलाच मोल असते. प्रश्न उद्भवतो तो या यंत्राचा उपयोग कथनासाठी होतो तेव्हा. क्रिस मिल्क यांनी २०१५ मध्ये या माध्यमाचे वर्णन सहानुभूती निर्माण करणारे परमोच्च यंत्र अशा आशयाच्या शब्दांत केले. त्याच वर्षीच्या 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा' या त्यांच्या लघुपटात जॉर्डनमधील निर्वासितांच्या छावणीतील एक सीरियन मुलगी भेटते. २०१७ मध्ये कान येथे सादर झालेली आलेहांद्रो गोन्सालेस इन्यारितू यांची 'कार्ने इ अरेना' ही कृती त्याहून पुढची. प्रेक्षक अनवाणी, खऱ्या वाळूवर चालतो. मेक्सिकोतून अमेरिकेत शिरू पाहणाऱ्या स्थलांतरितांचा जथा त्याच्याभोवती आहे. सीमारक्षक येतात आणि बंदुका रोखतात, त्याच्यावरही. त्या क्षणी त्याच्या मनात जे उसळते ते भय होय, भयानक रस नव्हे. ते स्वत:च्या शरीराविषयीचे भय आहे. वाळवंट तुडवून आलेल्या माणसाच्या भयाशी त्याचे नाते असेलच असे नाही. कलाकृती म्हणून 'कार्ने इ अरेना'ची योग्यता मोठी आहे. पण तिच्याविषयी लिहिताना 'साधारणीकरण' हा शब्द वापरता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सहाव्या विघ्नाचाही, म्हणजे अप्रधानतेचाही, येथे विचार व्हावयास हवा. चौकट गेली की मुख्य काय आणि गौण काय हे सांगण्याचे दिग्दर्शकाचे साधनही जाते. नायिका बोलत असताना प्रेक्षक मागे वळून भिंत न्याहाळू शकतो. आवाज, उजेड, हालचाल यांनी त्याला परत वळविण्याचे प्रयत्न होतात. परंतु ते आर्जव असते, निवेदकाची सत्ता नव्हे.

दुसऱ्या विघ्नाच्या निवारणार्थ अभिनवगुप्ताने सांगितलेले उपाय येथे आठवणे उद्बोधक ठरेल : पूर्वरंग, प्रस्तावना, आणि नटाचे नटत्व झाकणारे मुकुटादि शिरोवेष्टन. (मराठी वाचकाला 'पूर्वरंग' म्हटले की प्रथम कीर्तन आठवते, तेथेही आख्यानापूर्वी श्रोत्याचे मन घरच्या काळातून बाहेर काढण्याचे कार्य तोच करतो.) मुकुटामुळे प्रेक्षक समोरच्यास 'हा अमुक नट' म्हणून पाहत नाही आणि राम म्हणूनही निश्चित करीत नाही, त्या दोहोंच्या मध्ये रसाला जागा मिळते. आता मुकुट नटाच्या मस्तकावरून उतरून प्रेक्षकाच्या मस्तकी चढला आहे. झाकले जाते ते प्रेक्षकाचे घर, त्याची खुर्ची, शेजारचा माणूस. उरतो तो केवळ 'मी'. व्हिजन प्रोच्या निर्मात्यांनी यंत्राच्या बाहेरील बाजूस एक पडदा बसविला असून त्यावर आतील व्यक्तीच्या डोळ्यांची संगणकाने घडविलेली प्रतिमा दिसते. म्हणजे शेजाऱ्याच्या दृष्टीने मुखवटा घातलेला नट तो प्रेक्षकच. २०२५ च्या सॅमसंग गॅलेक्सी एक्सआर या यंत्रात हा पडदा नाही.

मग या माध्यमात रसप्रतीती अशक्यच आहे काय? तसे म्हणवत नाही, याचे कारण २०१६ मधील 'नोट्स ऑन ब्लाइंडनेस : इन्टू डार्कनेस' ही कृती. जॉन हल हे बर्मिंगहॅम येथील धर्मशास्त्राचे अध्यापक १९८० नंतरच्या दशकात पूर्णपणे अंध झाले. त्या अनुभवाची रोजनिशी ते ध्वनिफितीवर बोलून ठेवीत. हेडसेट घातलेल्या प्रेक्षकाला येथे जवळजवळ काळोखच दिसतो. एखादा आवाज झाला, पावलांचा, वाऱ्याचा, की तो जेथून येतो ती वस्तू पुसटशा प्रकाशबिंदूंच्या रूपाने उमटते आणि आवाज थांबताच विरते. ही कृती फोन आत बसवून वापरावयाच्या साध्या यंत्रांवरही पाहता येत असे. स्फुटत्वाच्या कसोटीवर ती आजच्या यंत्रांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण या सर्व वेळ हल यांचा, जुन्या फितीवरचा, किंचित खरखरता आवाज ऐकू येत असतो. तो निवेदकाचा आवाज आहे. हे घडून गेले आहे, ते दुसऱ्या कुणाचे आहे आणि तो ते आपणास सांगतो आहे, याची जाणीव तो सुटू देत नाही. त्याचवेळी समोरचा काळोख हा केवळ त्याचाच आहे असेही प्रेक्षकाला म्हणता येत नाही. यंत्राने पुसलेली चौकट तेथे त्या आवाजाने परत आणली आहे.