तुरळक ठिकाणीं अति मुसळधार

पावसाळ्यांत कोंकणांतील घराघरांतून एक वाक्य वारंवार कानीं पडतें : "तुरळक ठिकाणीं मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता." तें ऐकून आजोबा छत्री खुंटीवरच राहूं देतात, कारण त्यांच्या मनांत 'तुरळक' हा शब्द भरतो, सूनबाई अंगणांतील लांकडें पडवींत आणून रचते, कारण तिच्या मनांत 'अति' भरतो, आणि त्याच घरांतील आमचा विद्यार्थी एवढेंच विचारतो कीं आज रंग कोणता, कारण त्याच्या हिशेबीं तांबडा रंग म्हणजे शाळेस सुट्टी. वाक्य एक, ऐकणारीं माणसें तीन आणि अर्थही तीन! वस्तुतः त्या वाक्यांतील प्रत्येक शब्दास हवामानखात्यानें नेमकें माप ठरवून दिलेलें आहे. परंतु शब्द ऐकूं येतो, माप ऐकूं येत नाहीं. आणि मग प्रत्येक जण आपल्या पदरचें माप त्यास लावतो. वादळापावसाच्या दिवसांत अशा चुकीच्या मापाची किंमत मोठी पडते. यास्तव हीं मापें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं एकदां नीट पाहून ठेवावीं, असें वाटतें.

सर्वांत अधिक घोटाळा 'तुरळक' या शब्दानें होतो. नित्याच्या बोलण्यांत तुरळक पाऊस म्हणजे चार थेंब पडून गेलेला पाऊस. बातमीपत्रांत मात्र हें विशेषण पावसाचें नसून ठिकाणांचें आहे. एखाद्या विभागांत पाऊस मोजण्याचीं जितकीं केंद्रें असतील, त्यांपैकीं शेंकडा २५ पर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला म्हणजे 'तुरळक ठिकाणीं' असें म्हणतात. २६ ते ५० पर्यंत 'कांहीं ठिकाणीं', ५१ ते ७५ पर्यंत 'बऱ्याच ठिकाणीं', आणि त्यापुढें 'बहुतेक सर्व ठिकाणीं'. तेव्हां तुरळक म्हणजे थोडा पाऊस नव्हे, थोडीं ठिकाणें. ज्या थोड्या ठिकाणीं तो पडेल तेथें किती पडेल, हें पुढचा शब्द सांगतो. आणि त्या थोड्या ठिकाणांत आपला गांव नाहीं अशी हमी कोणीही दिलेली नसते.

याचें सर्वांत दारुण उदाहरण आपल्याच राज्यांतील आहे. ता. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच शहराच्या दक्षिण टोंकास कुलाब्याच्या वेधशाळेंत त्याच चोवीस तासांत अवघा ७३ मिलिमीटर. कुलाब्याच्या मनुष्यास तो दिवस आषाढांतील इतर दिवसांसारखाच वाटला असेल. उपनगरांत त्याच वेळीं माणसें मोटारींत अडकून, घरांत पाणी शिरून, दरडींखालीं सांपडून प्राणांस मुकत होतीं. एकाच शहरांत जर एवढें अंतर, तर जिल्ह्याच्या नांवानें निघालेली सूचना ऐकून "आमच्याकडे तर ऊन पडलें आहे, वेधशाळेचें कांहीं खरें नाहीं" असें जें आपण चटकन् म्हणतों, तें कितपत योग्य आहे याचा विचार व्हावा. सूचना खोटी ठरली कीं शेजारच्या खोऱ्यांत खरी ठरली, हें आपल्या अंगणांतून दिसत नाहीं.

आतां पावसाच्या जोराचे शब्द. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो पहिल्या पायरीचा. त्यास कोणी जोरदार म्हणतात, कोणी मुसळधार. ११५.६ ते २०४.४ पर्यंत 'अति मुसळधार', आणि २०४.५ पासून पुढें 'अत्यंत मुसळधार'. नुसते आंकडे पाठ करून बोध होणार नाहीं. गणिताच्या तासाचें एक साधें प्रमाण घ्या : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा घराच्या छपरावर २०४.५ मिलिमीटर पाऊस पडला तर वीस हजार लिटरांहून अधिक पाणी झालें, म्हणजे दहा हजार लिटरांचे दोन भरलेले टँकर. सांताक्रूझच्या त्या दिवसाच्या पावसानें तेवढ्याच छपरावर ९४,४०० लिटर पाणी ओतलें असतें. असे नऊ टँकर आपल्या आळींत एकदम रिते केले तर तें पाणी कोठून वाहील, हा प्रश्न मुलांनीं घरीं जाऊन वडिलांस विचारण्याजोगा आहे.

हीं मापें चोवीस तासांचीं आहेत, हेंही विसरूं नये. शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर शेत तो पिऊन टाकील. तोच एका तासांत एका लहानशा प्रदेशावर कोसळला तर त्यास 'ढगफुटी' म्हणतात. वर्तमानपत्रें मात्र प्रत्येक मोठ्या सरीस ढगफुटी म्हणूं लागलीं आहेत, आणि रोज 'लांडगा आला' अशी आरोळी ऐकणाऱ्याचे कान जसे निबर होतात, तसे आपले होत चालले आहेत.

दुसरा एक गोंधळ खास आपल्या महाराष्ट्रांतला. महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे सरकारदप्तरीं 'अतिवृष्टी' झाली असें धरतात, आणि पिकांचे पंचनामे व नुकसानभरपाई यांचा विचार त्यावरून होतो. म्हणजे हवामानखात्याचा साधा 'मुसळधार' आणि महसूलखात्याची 'अतिवृष्टी' ह्या जवळजवळ एकाच आंकड्यापासून सुरू होतात! ज्यास हें ठाऊक नाहीं तो 'अतिवृष्टी'स 'अति मुसळधारे'च्या वरची पायरी समजून बसतो. दोन्ही खातीं आपापल्या जागीं बरोबर आहेत. एकास पुढचा पाऊस सांगावयाचा असतो, दुसऱ्यास झालेल्या पावसाचा हिशेब करावयाचा असतो. वेळेचेंही असेंच आहे : खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्रीं बदलत नाहीं, सकाळीं साडेआठपासून दुसऱ्या दिवशींच्या सकाळीं साडेआठपर्यंत त्याची मोजणी चालते. मंगळवारच्या रकान्यांत लिहिलेली सूचना बुधवारच्या पहाटेसही लागूं असते.

रंगांविषयीं मुलांस अधिक सांगावयास नको, तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हिरवा म्हणजे सूचना नाहीं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नवी माहिती घेत राहा. नारिंगी म्हणजे तयारींत राहा. तांबडा म्हणजे आतां कृति करा. हे रंग केवळ पावसाचा आंकडा पाहून दिले जात नाहींत. संकट येण्याचा संभव किती आणि आलें तर त्याचा परिणाम काय होईल, या दोहोंचा मेळ घालून ते ठरवितात. आपल्याकडे मात्र 'रेड अलर्ट' हा शब्दच रूढ होऊन बसला आहे. हवामानखातें आपल्या बातमीपत्रांत मुद्दाम टीप देतें कीं तांबड्या रंगाचा अर्थ 'रेड अलर्ट' असा नसून 'कृति करा' असा आहे. हा भेद शाब्दिक नव्हे. अलर्ट म्हणजे सावध राहणें, आणि सावध तर मनुष्य खिडकींत बसूनही राहूं शकतो. कृति म्हणजे नदीकाठच्या खोलींतून उठून उंचावर जाणें. आणि सुट्टी, विद्यार्थ्यांनो, जिल्हाधिकारी देतात; रंग देत नाहीं!

आतां समुद्राकडे वळूं. बंदरावर चढविलेल्या बावट्याचा क्रमांक जितका मोठा तितका धोका मोठा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. भारतांतील बंदरांवर एक ते अकरा अशा क्रमांकांच्या खुणा लावतात. पहिल्या दोन दूर समुद्रांतील वादळी हवेविषयींच्या. तिसरी व चौथी खुद्द बंदरास लागणाऱ्या वादळी हवेची. पांच, सहा व सात ह्या तीन खुणा मात्र धोक्याच्या एकाच पायरीवरच्या आहेत. त्यांत पांच आणि सहा यांमधील भेद एवढाच कीं वादळ बंदराच्या कोणत्या बाजूनें जाणार, आणि सात म्हणजे तें बंदरावरून किंवा अगदीं जवळून जाणार. आठ, नऊ व दहा यांची हीच व्यवस्था, पण महाधोक्याच्या पायरीवर. अकरावी खूण सर्वांत विलक्षण : सूचना देणाऱ्या कचेरीशीं दळणवळण तुटलें, आणि हवा फार बिघडण्याचा धोका आहे असें बंदरावरील अधिकाऱ्यास वाटतें, एवढेंच ती सांगते.

चक्रीवादळाच्या सूचनांतही एक फसवें नांव आहे. वादळ किनाऱ्यास लागण्यापूर्वीं सुमारें बारा तास जी शेवटची सूचना निघते, तिचें नांव 'किनारा ओलांडल्यानंतरची स्थिति'. तें ऐकून भोळा मनुष्य समजेल कीं वादळ ओलांडून गेलें. खरें पाहतां त्या वेळीं तें अद्यापि समुद्रांत असतें, आणि किनारा ओलांडल्यावर आंतल्या गांवांचें काय होईल हें सांगण्यासाठीं ती सूचना असते. ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां श्रीवर्धनच्या नारळी-पोफळींच्या बागा तर आडव्या झाल्याच, पण समुद्र जेथून दिसतही नाहीं अशा गांवांचीं छपरेंही उडालीं.

परंतु शब्द न समजल्यानें केवढा अनर्थ होतो, हें पाहावयाचें तर फिलिपाईन्स बेटांकडे पाहिलें पाहिजे. ता. ८ नोव्हेंबर २०१३ रोजीं हैयान नांवाचें प्रचंड वादळ तेथें आलें; तेथील लोक त्यास योलांडा म्हणतात. सूचना अगोदर मिळाली होती. वारा किती, वादळ कधीं येणार, हें लोकांस कळलें होतें, आणि वाऱ्यापुरती पुष्कळांनीं तयारीही केली होती. सूचनेंत 'स्टॉर्म सर्ज' असाही एक इंग्रजी शब्द होता. वाऱ्यानें लोटलेलें समुद्राचें पाणी भिंतीसारखें चढून जमिनीवर येतें, असा त्याचा अर्थ. पण ताक्लोबान शहरांतील पुष्कळांस तो ठाऊकच नव्हता. कांहीं मीटर उंचीचें पाणी शहरांत शिरलें. त्या वादळांत सहा हजारांहून अधिक माणसें मेलीं. वांचलेल्यांपैकीं अनेकांनीं मागाहून सांगितलें कीं 'त्सुनामी' येणार असें म्हटलें असतें तर आम्ही डोंगरावर पळालों असतों. शास्त्रदृष्ट्या तें चुकीचें झालें असतें, कारण त्सुनामी भूकंपादि कारणांनीं उठते, वाऱ्यानें नव्हे. पण शास्त्रशुद्ध शब्दानें त्यांचे पाय हलले नाहींत. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत रणशिंगाच्या अस्पष्ट नादाचा जो दृष्टांत दिला आहे, तो येथें कोणासही आठवेल.

आपल्याकडे या पाण्यास काय म्हणावें? वर्तमानपत्रें 'उधाण' म्हणतात. हा शब्द गोड व जुना आहे, परंतु माझ्या मतें येथें तो घातक आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर उधाण दर अमावास्येस व पौर्णिमेस येतें आणि जातें. त्याचें भय कोणास वाटावें? 'वादळानें लोटलेलें पाणी' असें लांबलचक म्हटलें तरी चालेल, पण तें वेगळें म्हटलें पाहिजे. कारण बातमीपत्रांत "खगोलीय भरतीहून एक मीटर उंच" असें जेव्हां येतें, तेव्हां तो एक मीटर नेहमींच्या भरतीच्या पाण्यावर चढलेला असतो. मुंबईस मोठ्या उधाणाची भरती साडेचार मीटरांहून वर जाते. वादळ त्याच घटकेस आलें तर हा मीटर त्यावर मिळवावयाचा, आणि ओहोटीस आलें तर पुष्कळदा तो पुळणीवरच जिरेल. तेव्हां अशी सूचना आली म्हणजे दोन वेळा शेजारीं-शेजारीं लिहाव्या : वादळ किनाऱ्यास लागण्याची, आणि त्या दिवशींच्या भरतीची. पहिली बातमीपत्रांत मिळते. दुसरी कोळीवाड्यांतून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस शिक्षकांहून अधिक चांगली ठाऊक असते. त्यांनीं ती शेजारच्या घरींही सांगून यावी.