‘टेकन ३’ मोबाईलवर खेळायचाय? आधी प्लगइनची भानगड समजून घ्या; अनोळखी एपीके टाकाल तर खातं रिकामं व्हायची भीती

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळच्या व्हिडीओ गेमच्या दुकानात तासावर पैसे देऊन खेळलेली पिढी आता तिशी-चाळिशीत आहे. ‘टेकन ३’ आठवला की हात शिवशिवतात, आणि मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते. ‘टेकन ३ एपीके’, ‘बेस्ट प्लगइन’, ‘बायोस फाइल’ असं काय काय समोर येतं. नेमकं घ्यायचं काय, हे मात्र कुणी नीट सांगत नाही.

मुळात हा गेम मोबाईलसाठी बनलेलाच नाही. तो सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचा. हे यंत्र १९९४ मध्ये जपानात आलं. त्यात सुमारे ३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि फक्त २ एमबी रॅम होती. आजचा साधा फोनही त्याच्या कितीतरी पुढे आहे. पण फोनला प्लेस्टेशनची भाषा कळत नाही. ती समजावून देणारं ॲप म्हणजे इम्युलेटर.

मग प्लगइन कुठून आला? २००० च्या सुमारास कॉम्प्युटरवर ‘ईपीएसएक्सई’ नावाचा इम्युलेटर लोकप्रिय झाला. त्यात चित्र, आवाज, सीडी आणि बटणं या प्रत्येकासाठी वेगळी फाइल जोडावी लागायची. ट्रॅक्टर एकच, पण कामाप्रमाणे मागे कधी नांगर लावायचा, कधी रोटाव्हेटर, तसंच हे. चित्राचा प्लगइन चुकला की माणसाचं तोंड गायब, आवाजाचा चुकला की नुसती खरखर. त्या काळातले सल्ले अजून इंटरनेटवर फिरतात आणि नवा माणूस त्यातच अडकतो.

आता मोबाईलवर बहुतेक ठिकाणी ही जोडाजोड उरलेली नाही. ‘रेट्रोआर्क’ या मोफत, जाहिराती नसलेल्या ॲपमध्ये सगळं एकत्र बांधून येतं, त्याला ‘कोर’ म्हणतात. कोर ॲपच्या आतूनच उतरवता येतो. त्यामुळे प्लगइन कोणता, यापेक्षा कोर कोणता हा प्रश्न जास्त कामाचा.

स्वस्तातला किंवा चार-पाच वर्षं जुना फोन असेल तर डोळे झाकून ‘पीसीएसएक्स रीआर्म्ड’ घ्यावा. तो मोबाईलमध्ये असतात तशा एआरएम प्रोसेसरसाठीच घासूनपुसून तयार केलेला आहे. बॅटरी कमी खातो, फोन फारसा तापत नाही. त्यात ‘डायनॅमिक रीकंपायलर’ चालू ठेवा, तो बंद असेल तर गेम रांगतो. चित्र स्वच्छ करणारा ‘एन्हान्स्ड रिझोल्युशन’ आधी बंदच असू द्या. गेम सुरळीत चालला तर मग लावून बघा.

फोन दमदार असेल तर ‘स्वानस्टेशन’. जुन्या प्लेस्टेशनवर भिंती, रस्ते थरथरल्यासारखे दिसायचे. तो टीव्हीचा दोष नव्हता, यंत्राचं गणितच ढोबळ होतं. ‘पीजीएक्सपी’ हा पर्याय चालू केला की ती थरथर बरीच थांबते. तिसरा ‘बीटल पीएसएक्स’ सगळ्यात काटेकोर आहे, पण साध्या फोनवर तो अडखळतो. तिथे वेळ घालवू नये.

दोष नेहमी कोरचाच असतो असंही नाही. सगळं बरोबर असून गेम मंद वाटत असेल, तर तो युरोपातला आहे का बघा. तिकडचे गेम सेकंदाला ५० फ्रेमवर चालतात, अमेरिका-जपानचे ६० वर. लढाई चालू आहे, पण मागचं संगीतच नाही? गेमच्या दोन फाइली असतात, ‘बिन’ आणि ‘क्यू’. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवून ‘क्यू’ उघडायची. पुष्कळ जण ‘बिन’ उघडतात आणि आवाजाचे पर्याय बदलत बसतात.

बरेच जण ‘मुस्तफा’साठीही हेच कोर टाकतात आणि वैतागतात. ‘मुस्तफा’ म्हणजे ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉमचा १९९३ चा गेम. तो प्लेस्टेशनचा नाही, नाणं टाकून खेळायच्या मशीनचा. त्याला ‘फायनलबर्न निओ’ हा कोर लागतो.

कायद्याचंही सांगायला हवं. सोनीने कनेक्टिक्स या इम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं होतं. २००० मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाचा निकाल कनेक्टिक्सच्या बाजूने लागला. इम्युलेटर वेगळा आणि गेम वेगळा, हे मात्र विसरू नका. गेम आणि प्लेस्टेशनच्या आतला ‘बायोस’ यांवर कंपन्यांचा कॉपीराइट आहे. ‘फुकट घ्या’ म्हणून कुणी फाइल टाकली, म्हणजे ती फुकट झाली असं नाही. ‘पीसीएसएक्स रीआर्म्ड’मध्ये बायोसला पर्याय आतच दिलेला आहे, बहुतेक गेम त्यावर चालतात. ‘स्वानस्टेशन’ला मात्र खरा बायोस लागतो.

आता खऱ्या धोक्याकडे. व्हॉट्सॲपवर किंवा व्हिडीओखालच्या लिंकमधून ‘गेम प्लस प्लगइन’ असं एकत्र एपीके आलं, तर ते टाकू नका. त्यात गेमसोबत आणखी काय भरलंय, हे बाहेरून कळत नाही. ज्या फोनवर पोरगा गेम टाकतो, त्याच फोनवर बापाचं यूपीआय असतं, पीक विम्याचा आणि बँकेचा ओटीपी येतो. इम्युलेटरला फाइली वाचायची परवानगी पुरते. एसएमएस, कॉन्टॅक्ट किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ मागितली, तर ते ॲप तिथेच काढून टाका. ॲप प्ले स्टोअरवरून किंवा बनवणाऱ्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या.

असं ॲप आधीच टाकलं असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेला सांगून खातं गोठवा. घरच्यांना सांगायला लाजून दिवस घालवला, तर पैसे पुढच्या खात्यांत सरकलेले असतात.