काठीची सावली आणि ऋतुचक्र

सूर्य जवळ आला की उन्हाळा व दूर गेला की हिवाळा, असे उत्तर पुष्कळ विद्यार्थी देतात. वस्तुतः पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर अंतरावर असते; आणि तेव्हाच चाकण परिसरात थंडी असते. ऋतूंचे खरे कारण पृथ्वीच्या आसाचा सुमारे साडेतेवीस अंशांचा कल हे होय.

हे शाळेच्या अंगणात दाखविता येते. एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ रोवावी. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली सर्वांत आखूड होते. ती मुलांकडून मोजून घ्यावी. चाकणला २२ डिसेंबरला ती सुमारे ९० सेंटीमीटर, २३ सप्टेंबरला ३४, तर २१ जूनला अवघी ८ सेंटीमीटर, आणि तीही दक्षिणेकडे पडते. १४ मेच्या सुमारास ती नाहीशीच होते. परंतु तेव्हा शाळेला सुट्टी असते, आणि जुलैअखेर तोच योग पुन्हा येतो तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. म्हणून हा प्रयोग घरी करण्यास सुट्टीपूर्वीच सांगून ठेवावे.

सावली लांब तेव्हा किरण तिरपे. तीच उष्णता अधिक जमिनीवर पसरते. शिवाय दिवसही लहान. म्हणून हिवाळा. हा निष्कर्ष शिक्षकांनी सांगू नये. मोजमापांवरून मुलांनाच काढू द्यावा.