घरातला नाणेसंग्रह : चोरांपासून कसा जपावा?



डेल्फ्ट आणि आसपासच्या मराठी घरांत नाणी जमवणारे बरेच आहेत. कोणाकडे आजोबांचे राणीछाप रुपये, कोणाकडे युरो येण्यापूर्वीचे गिल्डर, तर कोणी आउड डेल्फ्ट कालव्यावरचे डच ईस्ट इंडिया कंपनीचे जुने घर पाहून हौसेने घेतलेले, 'व्हीओसी' अक्षरांचे तांब्याचे डॉइट. आम्ही दोघेही आयटीवाले, आणि आम्हालाही हा छंद आहे. त्यामुळे घरफोडीपासून संग्रह कसा वाचवायचा याची जी माहिती आम्ही जमवली, ती सर्वांसाठी येथे देत आहोत.

चोराला नाणी का आवडतात?

लॅपटॉपला सिरियल नंबर असतो, नाण्याला नसतो. नाणे खिशात मावते आणि वितळवताही येते. जर्मनीतल्या मांखिंग येथील संग्रहालयातून नोव्हेंबर २०२२ मध्ये ४८३ केल्टिक सोन्याची नाणी चोरीला गेली. चोर आत होते फक्त ९ मिनिटे. पुढे संशयित पकडले गेले तेव्हा त्यांच्याकडे सापडले ते वितळवलेल्या सोन्याचे तुकडे! राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. चोराच्या दृष्टीने ती फक्त चांदी असते, आपल्या दृष्टीने ती आजोबांची आठवण. विमा पैसे देईल, ते नाणे देणार नाही. म्हणून सगळा भर चोरी होऊच नये यावर हवा.

१. आधी दार, मग तिजोरी

- दार नुसते ओढून घेऊ नका, बाहेर पडताना किल्ली फिरवून कुलूप लावा. नुसते ओढलेले दार प्लॅस्टिकच्या पट्टीने काही सेकंदांत उघडते. डच लोक याला 'फ्लिपरन' म्हणतात.
- कुलपांवर एसकेजी संस्थेचे तारे पाहा. दोन तारे म्हणजे साधारण ३ मिनिटे टिकाव, तीन तारे म्हणजे ५ मिनिटे. चोराला घाई असते, त्यामुळे ही मिनिटे मोलाची. कुलपाचा सिलिंडर दारापासून ३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आला असेल तर तो उपटता येतो.
- मागचे दार, बाल्कनी आणि खालची स्टोअररूम विसरू नका. शिडी बाहेर ठेवू नका.
- 'पोलित्सीक्यूरमर्क फैलिग वोनन' हे सुरक्षित घराचे प्रमाणपत्र आहे. भाड्याच्या घरात राहत असाल तर कुलूप बदलण्याआधी घरमालकाला लेखी विचारा.

येथे ऑक्टोबरपासून लवकर अंधार पडतो. अंधारलेले घर म्हणजे रिकामे घर, हे चोराला लगेच कळते. टायमरवर दिवे लावा. भारतात पाच आठवडे जाणार असाल तर शेजाऱ्यांना टपाल उचलायला सांगा आणि विमानतळावरचे फोटो परत आल्यावर टाका.

२. तिजोरी कशी घ्यावी?

कपाटात ठेवलेली हलकी पेटी म्हणजे चोरासाठी तयार पॅकिंग! तिजोरीवर 'ईएन १४४५०' किंवा त्याहून मजबूत 'ईएन ११४३-१' हे युरोपीय मानक लिहिले आहे का पाहा. आणि ती काँक्रीटच्या भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की बसवा. बेडरूम चोर आधी शोधतात, म्हणून दुसरी जागा निवडा.

हॉलंडच्या दमट हवेत बंद तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पीव्हीसीची पाकिटे टाळा, त्यांनी तांब्यावर हिरवट चिकट थर येतो. आणि नाणी कधीही घासूनपुसून चकचकीत करू नका, किंमत जाते.

३. अलार्म आणि इंटरनेट

मांखिंगला चोरांनी आधी टेलिफोन आणि इंटरनेटच्या केबल तोडल्या, मग आत शिरले. आपला अलार्म फक्त वायफायवर चालत असेल तर त्याचीही तीच गत. मोबाइल सिमचा पर्याय आणि बॅटरी असलेला अलार्म घ्यावा.

४. यादी, म्हणजे खरा बॅकअप

प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, व्यास, कोठून कधी घेतले, आणि पावती. ओरखडा, छिद्र, डाग यांचा वेगळा फोटो घ्या, कारण तीच त्या नाण्याची ओळख असते. इंटरपोलचे 'आयडी-आर्ट' हे मोफत अॅपही अशा नोंदींसाठी वापरता येते.

पण लक्षात घ्या, ही यादी चोरासाठी खजिन्याचा नकाशाही आहे. फाइलला पासवर्ड लावा आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. मोबाइलच्या फोटोत बऱ्याचदा घराचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात. विक्रीसाठी फोटो पाठवण्यापूर्वी ती माहिती काढून टाका.

५. विमा

घरसामानाच्या विम्यात संग्रहांना आणि दागिन्यांना बहुधा वेगळी कमाल मर्यादा असते. घरफोडीच्या खुणा दिसल्या पाहिजेत अशी अट आहे का, तेही वाचा. संग्रह मोठा असेल तर मूल्यांकन करून घेऊन विमा कंपनीला लेखी कळवा.

६. शिवराई आणायची का?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते, आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वडिलोपार्जित असली तरीही! नाण्याच्या वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. कागदपत्रे नसतील तर येथे चोरी झाल्यावर विमा कंपनीला मालकी सिद्ध करून दाखवणेही कठीण.

म्हणून शिवराई पुण्या-कोल्हापूरच्या बँकेत लॉकरमध्ये असलेलीच बरी. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, लॉकरमध्ये चोरी किंवा आग लागून नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. भाडे ३,००० रुपये असेल तर ३ लाख. येथे ठेवायला तिचे चांगले फोटो पुरेत.

७. तरीही चोरी झालीच तर

चोर अजून आत असल्याची शंका आली तर आत जाऊ नका, ११२ फिरवा. ते निघून गेले असतील तर कशालाही हात न लावता ०९००-८८४४ वर पोलिसांना कळवा. तक्रारीसोबत नाण्यांची यादी आणि फोटो द्या, विमा कंपनीला लगेच कळवा, आणि जवळच्या नाणे व्यापाऱ्यांना फोटो पाठवा. चोर विकायला बहुधा तिथेच जातो.

शेवटी एक सोपी गोष्ट. आपल्याकडे काय आहे हे जितक्या कमी लोकांना माहीत, तितके बरे. मुलांनाही शाळेत सांगू नका असे समजावून सांगा, पण नाणी मात्र त्यांना जरूर दाखवा. 'श्री राजा शिव' ही अक्षरे बोटाने फिरवून वाचण्यात जी मजा आहे, ती तिजोरीत बंद राहून कशी कळणार? पुढच्या भारतभेटीत लॉकर उघडाल तेव्हा मुलांना सोबत न्या.

या शनिवार-रविवारी निदान दहा नाण्यांचे फोटो काढून यादी सुरू करा. कोणाला यादीसाठी एक्सेलचा नमुना हवा असेल तर आम्हाला जरूर कळवा, आनंदाने पाठवू.